खालची प्लेट

"वस्तादांचा मुलगा कोण?"

ऑपरेशन थिएटरच्या दारातून नर्सनं मान बाहेर काढून विचारलं आणि बाकावर बसलेल्या लोण्याच्या तोंडचं पाणी पळालं. ऑपरेशन चालू असताना नातेवाइकाला आत बोलावत नाहीत, एवढं त्यालाही कळत होतं. शेजारी बसलेल्या आईनं मांडीवरची पिशवी उचलून छातीशी धरली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही झालेलं नाही. शुद्धीवर आहेत, ठणठणीत आहेत, भांडतायत," नर्स म्हणाली. "मॅडमनी तुम्हाला आत घ्यायला सांगितलंय. चपला इथंच काढा."

"भांडतायत ना? मग बरे आहेत," आई म्हणाली आणि पिशवी पुन्हा मांडीवर ठेवली. पिशवीत खळ्‌ असा आवाज झाला. तो किल्लीचा होता. घरून निघायच्या आधी वस्तादांनी कारखान्यातल्या, धातू कापायच्या मोठ्या लेथच्या बटणपेटीला कुलूप घातलं होतं आणि किल्ली बायकोकडे दिली होती. "मी येईपर्यंत त्या मशिनला कोणी हात लावायचा नाही," असं म्हणाले होते. कोणी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. कारखान्यात बाप-लेकाशिवाय होतं कोण? लेथच्या जबड्यात एका पंपाचा शाफ्ट अर्धवट कापलेला, तसाच लटकत राहिला होता.

लोण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पहिल्यांदा लेथवर उभा राहिला तेव्हा त्याच्या हातून निघालेला तुकडा बापानं चार गिऱ्हाइकांसमोर उजेडात धरला आणि म्हटलं, "लोण्याचे हात आहेत पोराचे." झालं. आता कानशिलं पांढरी झाली, पण लोण्या तो लोण्याच. काम त्याला येत नव्हतं असं नाही. पण शेवटचा कट आला, जिथं मापाचा कस लागतो तो, की मागून आवाज यायचा, "सरक." तो सरकायचा. इतकी वर्षं सरकत आला होता की गिऱ्हाईक दारात उभं राहून त्याच्याकडे बघतच विचारायचं, "कोणी आहे का आत?"

आणि बाप ढोंगी असता तर एक वेळ परवडलं असतं. पण वस्ताद खरोखरच वस्ताद होते. नख फिरवून ओरखडा सांगायचे. मूर्ख बापाला पोरं ओलांडून पुढं जातात. हुशार बापाचं काय करायचं, हे कोणत्याच शाळेत शिकवत नाहीत.

हिरवा झगा, टोपी, तोंडाला फडकं असं सगळं अंगावर चढवून लोण्या नर्सच्या मागं आत गेला.

खोली त्याच्या अंदाजापेक्षा लहान निघाली आणि थंड. टेबलाच्या मधोमध हिरवा पडदा उभा बांधलेला. पडद्याच्या पलीकडे काय चाललंय ते दिसत नव्हतं आणि त्याला बघायचंही नव्हतं. अलीकडे फक्त वस्तादांचं डोकं होतं, टोपी घातलेलं, एखाद्या रागावलेल्या तान्ह्या बाळासारखं. हवेत जळका वास होता. शिंगाच्या मुठीला भोक पाडताना ड्रिल तापलं की येतो तसा. हा वास हाडाचा आहे, बापाच्या हाडाचा, हे लक्षात आलं आणि त्यानं फडकं नाकावर घट्ट दाबलं.

"तू कशाला आलास?" वस्ताद म्हणाले.

"बोलावलं म्हणून आलो."

"कोणी? मी नाही बोलावलं."

"मी बोलावलं," पडद्यापलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. त्यांचे फक्त डोळे पडद्यावरून दिसत होते. ते दमलेले नव्हते, चिडलेले होते. "काका माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात का बघा."

लोण्याला हसू आलं असतं, जागा वेगळी असती तर.

भांडण जुनंच होतं. महिन्याभरापूर्वी बाईंच्या दवाखान्यात ते सुरू झालं तेव्हा लोण्या कोपऱ्यातल्या खुर्चीत मूग गिळून बसला होता. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर कृत्रिम गुडघा मांडला होता. वर मांडीच्या हाडाला बसणारी चकचकीत टोपी, मध्ये पांढऱ्या प्लास्टिकची गादी, खाली नडगीच्या हाडावर ठोकायची धातूची प्लेट. वस्तादांनी प्लेट उचलली, तळहातावर झेलली, नखानं टिचकी मारून कान लावला.

"टायटॅनियम," ते म्हणाले.

"वा!" बाई खूश झाल्या.

"वा काय? हा धातू मी कापलाय. पात्याला चिकटतो, घासला की ओरखडे घेतो. घासायच्या जागी हा घालणारा माणूस एक तर शिकाऊ, नाही तर चोर."

"बरोबर बोललात. म्हणून घासायच्या जागी तो नाहीच घालत. वरची टोपी कोबाल्टच्या मिश्रधातूची, ती प्लास्टिकवर फिरते. खालची प्लेट कशावरच फिरत नाही. ती फक्त भार घेते आणि हाडाला देते."

"मग तीही कोबाल्टचीच घाला. कडक ते कडक. आणि एका यंत्रात दोन धातू ठेवायचे नसतात. ओल लागली की एकमेकांना खातात."

"मध्ये प्लास्टिक आहे की."

"अंगात पाणी आहे, मीठ आहे. ते कुठं जाईल?"

बाईंनी हात जोडल्यासारखं केलं. मग सावकाश सांगू लागल्या. कोबाल्टची प्लेट हाडापेक्षा कितीतरी ताठ असते. टायटॅनियमची त्याच्या निम्म्यानं. प्लेट जितकी ताठ, तितका भार ती स्वतःच पेलते, आणि खालच्या हाडाला कामच उरत नाही. ज्या हाडाला काम नाही, त्याला शरीर पोसत नाही. ते विरळ होत जातं. दहा वर्षांनी वरून सगळं चकचकीत असतं आणि खाली प्लेट हलायला लागते.

"हाड म्हणजे काय कामगार आहे का," वस्ताद म्हणाले, "काम नाही म्हणून गाशा गुंडाळून जायला?"

"अगदी तसंच."

"माझं नाही जाणार."

शेवटी बाईच नरमल्या. एक्स-रेत हाड भरीव दिसत होतं. कोबाल्टची प्लेटही पुष्कळांना बसवतात, चालते. "पण उघडल्यावर आत वेगळं दिसलं तर मी बदलीन," त्या म्हणाल्या होत्या.

"मला विचारल्याशिवाय एक खिळासुद्धा बदलायचा नाही. मला पूर्ण भूल नको. कमरेखालची द्या. माझ्या यंत्राचं काम मी जागेपणी ऐकणार."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता आत वेगळं दिसलं होतं आणि बाई विचारत होत्या.

"हाड भुसभुशीत आहे," पडद्यावरून बाई लोण्याला म्हणाल्या. "करवत लावली तेव्हाच कळलं. लोण्यात सुरी जावी तशी गेली." त्या बिचारीला त्याचं टोपणनाव माहीत नव्हतं. "आता बोट दाबलं तर रुततंय. दुखतो म्हणून काकांनी कित्येक वर्षं या पायावर भारच टाकलेला नाही. मशिनपुढं दुसऱ्या पायावर उभे राहत असणार."

राहायचे. लोण्यानं रोज पाहिलं होतं. एक पाय रोवलेला, दुसरा नुसता टेकवलेला, पाहुण्यासारखा.

"मग एक्स-रेत कसं नाही दिसलं?" वस्ताद कडाडले.

"पुष्कळ झिजल्याशिवाय एक्स-रेत दिसत नाही. हाडाची घनता मोजायची वेगळी तपासणी असते, ती मी करून घ्यायला हवी होती. माझी चूक. मारा मला उद्या. आज प्लेट ठरवा."

"ठरलेली आहे. जमीन भुसभुशीत असली की मशिनखाली काय टाकतात? जाड पोलादी पत्रा. मऊ पत्रा टाकणारा गाढव!"

लोण्याला ते पटलं. हीच तर गंमत होती, बाप बोलला की पटायचंच. कारखान्याच्या मागच्या खोलीत जमीन खचत होती तेव्हा वस्तादांनी बोटभर जाडीचा पत्रा टाकला होता, आणि ते मशिन आजही हललेलं नाही.

"जमीन मेलेली असते, काका," बाई म्हणाल्या. "तिला खायला लागत नाही. हाड जिवंत आहे. वजन हेच त्याचं अन्न आहे. आधीच उपाशी आहे ते. वर ताठ प्लेट ठोकली तर उरलंसुरलंही तोडीन मी त्याचं. टायटॅनियमची थोडी वाकते, भार खाली पोचू देते. खाली छोटा दांडा देईन, म्हणजे सुरुवातीला रुतणार नाही. हाडाला हळूहळू काम मिळेल, ते भरेल."

"भरेल? लिहून देता?"

"नाही. कोणीच देणार नाही."

"बघ!" वस्ताद विजयानं म्हणाले, छताकडे.

भिंतीपाशी कृत्रिम गुडघ्याच्या कंपनीचा माणूस दोन खोकी घेऊन उभा होता. असल्या खोलीत असला माणूस का लागतो, देव जाणे. पण सुटावर झगा चढवून तो उभा होता आणि त्याला जेवायला जायची घाई असावी. "मॅडम, पेशंटचं म्हणणं क्लिअर आहे," तो म्हणाला. "कोबाल्टचं खोलू का?"

"तू एक शब्द बोललास तर तुला खोलीन," बाई म्हणाल्या.

वस्तादांच्या उशाशी भुलीचे डॉक्टर बसले होते, जाडजूड, शांत. ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "मॅडम, मांडीचा पट्टा."

मांडीला करकचून पट्टा बांधून पायातलं रक्त थांबवलेलं होतं. तो पट्टा फार वेळ ठेवता येत नाही, नसा मरतात. सोडला तर हाडातून रक्त येणार, आणि ओल्या हाडावर प्लेट चिकटवायचं सिमेंट धरत नाही. त्यांनी हे लोण्याला हळू आवाजात सांगितलं, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. मग म्हणाले, "तेव्हा जे काय समजवायचं ते आता समजवा."

सगळे लोण्याकडे बघायला लागले.

त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "बाबांना विचारा."

थू त्याच्या जिंदगीवर! बापाचा पाय उघडा पडलाय, बाप हटून बसलाय, म्हणून तर तुला आणलाय; आणि तू म्हणतोस बाबांना विचारा. डॉक्टरीणबाईंचे डोळे पडद्यावर क्षणभर तसेच राहिले. मग त्या खाली बघायला लागल्या. लोण्यानं त्या डोळ्यांतलं जे पाहिलं ते त्यानं हजारदा पाहिलं होतं, कारखान्याच्या दारात. कोणी आहे का आत?

"ऐकलंत?" वस्ताद म्हणाले. "तो काय सांगणार? त्याला काय कळतंय? कोबाल्ट ठोका."

"काका, मला ते पटत नसताना मी—"

"पाय कोणाचा आहे? चुकलं तर लेथपुढं कोण उभं राहणार? हा?"

कुठलंसं यंत्र टिकटिकत होतं, वस्तादांच्या काळजाचं, आणि ते भराभर चाललं होतं. लोण्यानं खाली पाहिलं. बापाच्या कपाळावर घामाचे थेंब होते, एवढ्या गारठ्यात. पडद्याखालून बाहेर आलेला हात पट्टीनं फळीला बांधलेला, आणि त्या हाताची बोटं फळीची कड पुन्हा पुन्हा चाचपत होती. शेवटच्या कटाला कधीही न हललेली बोटं.

म्हातारा घाबरलाय, त्याच्या लक्षात आलं. हा हट्ट नाही, ही नुसती भीती आहे. त्याला जे माहीत आहे ते तो घट्ट धरून बसलाय, कारण पडद्यापलीकडचं त्याला काहीच माहीत नाही.

"बाबा," तो म्हणाला.

"काय?"

"हाडाला काम नाही दिलं तर ते जातं, असं बाई म्हणतात."

"म्हणू देत."

"खरं आहे ते."

"तुला काय माहीत? तू डॉक्टर कधी झालास?"

"मला बघा ना." आवाज चढला आणि त्याला तो थांबवता आला नाही. "मला बघा, बाबा! वर तुम्ही आहात. कडक, चकचकीत, कोबाल्टचे. सगळा भार तुम्हीच घेतलात. गिऱ्हाईक तुमचं, माप तुमचं, शेवटचा कट तुमचा. शिव्यासुद्धा तुम्हीच खाल्ल्यात, मला कोणी शिवीसुद्धा दिली नाही कधी! आणि आता विचारताय, ह्याला काय कळतंय. कुठून कळणार? आत्ता ह्या बाईंनी मला एक गोष्ट विचारली. मी काय म्हणालो? बाबांना विचारा. बोट दाबा माझ्यात, रुतेल."

नर्सच्या हातातलं काहीतरी ताटात पडलं. कंपनीचा माणूस स्वतःच्या पायांकडे बघायला लागला.

वस्ताद छताकडे बघत राहिले. लोण्याला वाटलं, आता उठतो आणि कानाखाली वाजवतो, पाय असो नसो. आपण उघड्या जखमेशी उभं राहून आजारी माणसाला हे बोललो, याची त्याला लाज वाटली. पण एक शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

"भुलीचे डॉक्टर," वस्ताद म्हणाले.

"बोला, काका."

"मला झोपवा."

"पूर्ण नाही, थोडी गुंगी देतो."

"काय द्यायची ती द्या. मला पुढचं ऐकायचं नाही."

"आणि प्लेट?" बाईंनी विचारलं. "काका, गुंगी यायच्या आधी मला एक शब्द हवाय. तुमच्या तोंडून."

वस्तादांनी मान वळवली, पहिल्यांदाच. लोण्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया-बिया काही नव्हती. एखादा तुकडा उजेडात धरून बघतात तशी ती नजर होती.

"ह्याला विचारा," ते म्हणाले. "हा सांगेल ती. सगळ्यांनी ऐकलंत ना? हा सांगेल ती." आणि मग खालच्या आवाजात, "चुकलास तर सोडणार नाही."

सुईतून औषध गेलं. डोळे जड झाले, जबडा सैल पडला. तोंडावरचा वस्ताद निघून गेला आणि एक साधा म्हातारा उरला.

"बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता मागं कोणी नव्हतं. मागून "सरक" आलं असतं तर लोण्या अजूनही सरकला असता. पण आवाज आला नाही. त्याला एकदम मागच्या खोलीतला तो जाड पत्रा आठवला, न हललेलं मशिन आठवलं. म्हाताऱ्याचं बरोबर असलं तर? दोन धातू, मीठ, पाणी... बाईंनी लिहून दिलं नव्हतं. बाप जन्मात फार थोडा चुकला होता. आणि हा पाय गेला तर दोष बाईंचा नाही, कंपनीचा नाही, त्याचाच. रोज सकाळी तो पाय समोर बसून त्याच्याकडे बघेल.

"पट्टा," भुलीचे डॉक्टर म्हणाले.

"टायटॅनियम," लोण्या म्हणाला.

"काय?"

फडक्यातून आवाज गेला नव्हता. त्यानं फडकं धरलं आणि ओरडल्यासारखं सांगितलं, "टायटॅनियम घाला. दांड्याची. वरची टोपी आहे तीच, कोबाल्टची."

"खोल रे," बाई कंपनीच्या माणसाला म्हणाल्या. "आणि सिमेंट कालवायला घ्या. चला, चला!"

एकदम सगळे हलले. लोण्याला बाहेर जा असं कोणी म्हटलं नाही, म्हणून तो बापाच्या डोक्याशी उभा राहिला. सिमेंटचा उग्र वास आला. मग हातोडी सुरू झाली. ठक्‌. ठक्‌. प्रत्येक ठोक्याला झोपलेल्या म्हाताऱ्याचं डोकं उशीवर हलत होतं आणि लोण्याची दातखीळ बसत होती. तो धातूचा आवाज ऐकत होता. आयुष्यभर ऐकला होता, पण आजचा आवाज काय म्हणतोय ते त्याला कळेना. बापाला कळलं असतं का? कदाचित त्यालाही नसतं कळलं. दिलासा म्हणून हे फार नव्हतं.

बाहेर आई तशीच बसली होती.

"काय घातलं?"

"त्यांना नको होती ती प्लेट."

"अगं बाई! आणि ह्यांनी घालू दिली? ठरवलं कोणी?"

"मी."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवीत हात घालून किल्ली काढली आणि त्याच्या हातावर आपटली. "मग हीपण ठेव. माझ्या पिशवीला भोक पडायची वेळ आलीय."

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी बाई चाकं नसलेला वॉकर घेऊन आली. वस्ताद पलंगाच्या कडेला बसले होते, पाय पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला. शुद्धीवर आल्यापासून त्यांनी लोण्याशी एक शब्द काढला नव्हता. आईमार्फत पाणी मागितलं, आईमार्फत खिडकी लावायला सांगितली.

"काका, उठायचं. आणि या पायावर भार टाकायचा. घाबरायचं नाही."

"घाबरतोय कोण?" वस्ताद म्हणाले आणि वॉकर धरला. उठले. सगळं वजन नेहमीच्या पायावर. नवा पाय जमिनीला टेकवलेला, पाहुण्यासारखा.

"तसं नाही. या पायावर."

ते हलले नाहीत. वॉकरवरची बोटं पांढरी पडली. लोण्या पुढं झाला आणि बापाच्या नव्या पायाच्या बाजूला, अगदी खेटून, उभा राहिला. वस्तादांची नजर त्याच्या हातांवर गेली. नखांत काळं वंगण होतं.

"हात कशानं काळे झाले?" ऑपरेशननंतरचा पहिला प्रश्न.

"पंपाचा शाफ्ट. पुरा केला सकाळी."

"शेवटचा कट?"

"मीच मारला."

"माप?"

"बसलं. दुसऱ्या टोकाला थोडा ओरखडा आहे. दिसतो."

वस्तादांनी वॉकर सोडला, हात लोण्याच्या खांद्यावर टाकला, आणि दात आवळून वजन दुसऱ्या बाजूला नेलं. नव्या पायावर, आणि खांद्यावर. म्हातारा वाटला होता त्यापेक्षा फार जड निघाला. लोण्याचा गुडघा लचकला, खांदा खाली गेला, दोघंही कलले. व्यायामवाली बाई किंचाळली.

"अरे, नीट उभा राहा!" वस्ताद ओरडले. "हाडं आहेत का नाहीत तुझ्यात?"

"आहेत," लोण्या म्हणाला, धापा टाकत, सरळ होत. "आत्ताशी कामाला लागलीयत. टाका भार."

वस्तादांनी टाकला.